‘तिला कोण ठेवून घेणार?’

प्रश्न : माझी मुलगी पूर्ण दृष्टिहीन आहे. स्क्रीन रीडरच्या (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मदतीने तिने इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, पहिला वर्ग मिळाला. आता म्हणते, लंडनला प्रकाशनाचं शिक्षण घेऊन कृष्णवर्णीय आणि अपंग लेखकांची पुस्तकं काढणाऱ्या छोट्या संस्थेत काम करणार. ही समाजसेवा झाली. शिवाय तिला तिकडे कोण ठेवून घेणार? बँकेत लागली तर आमची काळजी मिटेल. तिला समजावून सांगा. – एक वडील, सोलापूर

उत्तर : मला तिच्या करिअरपेक्षा तुमच्या त्या एका वाक्याची जास्त काळजी वाटली. कानांनी ऐकून इंग्रजी साहित्यात पहिला वर्ग मिळवणाऱ्या मुलीबद्दल तिचे वडीलच विचारतात, ‘तिला कोण ठेवून घेणार?’ पत्रात इतक्या सहज आलेलं वाक्य घरातही बोललं जात असणार. परक्याने म्हटलं तर ती मनावर घेणार नाही, पण वडिलांचे शब्द मुलं खरे मानतात. आपल्यामागे तिचं कसं होणार, ही तुमची भीती मला समजते. पण त्या भीतीपोटी तिची लायकी ठरवू नका. हे आधी थांबवा.

बँकेचं म्हणाल, तर दिव्यांगांसाठी आरक्षण आहे, परीक्षेत लेखनिकाची सोय आहे. तिची इच्छा असेल तर जरूर बसू दे.

आता ‘समाजसेवे’बद्दल. कुणी छापत नाही अशांना दया म्हणून छापणाऱ्या संस्था, असा तुमचा समज दिसतो. डडली रँडल हे कृष्णवर्णीय कवी अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये ग्रंथपाल होते. १९६३ मध्ये अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅमच्या चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या. त्यावरची आपली कविता त्यांनी १९६५ मध्ये एका सुट्या कागदावर छापून विकायला काढली. तिथून ब्रॉडसाइड प्रेस ही त्यांची प्रकाशन संस्था उभी राहिली. कृष्णवर्णीय कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स यांना १९५० मध्येच पुलित्झर पारितोषिक मिळालं होतं, न्यूयॉर्कचा मोठा प्रकाशक त्यांच्या पाठीशी होता. तरी १९६९ मध्ये त्यांनी नवं पुस्तक रँडल यांच्याकडे दिलं. यात दया कुठे आली? कोणतं पुस्तक निघावं हे ठरवणाऱ्या खुर्चीत कोण बसतं, हा प्रश्न होता. ऑड्री लॉर्ड आणि बार्बरा स्मिथ या कृष्णवर्णीय लेखिकांनी १९८० मध्ये ‘किचन टेबल’ ही प्रकाशन संस्था काढली तीही याचसाठी. इंग्लंडमध्ये नाइन आर्चेस प्रेसने २०१७ मध्ये बधिर आणि अपंग कवींचा संग्रह काढला, त्याचे संपादकही त्यांच्यातलेच. तुमच्या मुलीला ही खुर्ची हवी आहे. तिने नेमकं हेरलंय.

पण तिलाही एक स्पष्ट सांगतो. अशा संस्थांत माणसं मोजकी आणि पगार तुटपुंजे असतात. रँडल यांनीही ग्रंथपालाची नोकरी लगेच सोडली नव्हती. त्या पगाराच्या भरवशावर आत्ता कर्ज काढून लंडनला जाऊ नकोस, ताई.

आधी सुगम्य, म्हणजे दृष्टिहीनांनाही अडथळ्याविना वाचता येईल अशा, ई-पुस्तकाचं काम शिक. स्कॅन केलेली पीडीएफ उघडली की स्क्रीन रीडर मुका होतो, चित्र आलं की नुसतं ‘इमेज’ म्हणून पुढे जातो, तळटीप भलत्याच ठिकाणी वाचतो. हे तू रोज सोसतेस. ते दुरुस्त करणं हा आता पगारी धंदा आहे. युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून ई-पुस्तकं सुगम्य असणं कायद्याने बंधनकारक झालं. अगदी छोट्या कंपन्यांना सूट आहे, मोठ्यांना नाही, आणि परदेशी प्रकाशकांचं असं बरंच काम चेन्नई, पुद्दुचेरी, पुण्यात होतं. ईपब या ई-पुस्तकाच्या फाइलची रचना, चित्रांची शब्दवर्णनं, सुगम्य पुस्तकांसाठी काम करणाऱ्या डेझी कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मोफत तपासणी साधन ‘एस’, एवढ्यापासून सुरुवात कर. मात्र त्यातच अडकू नकोस, नाहीतर लोक तुला कायम तपासनीसच ठेवतील. सोबत संपादन शिक, मराठीतल्या एखाद्या दिवाळी अंकासाठी मुद्रितशोधन माग, परीक्षणं लिही.

दोनेक वर्षं असं काम हातून झालं की मग त्या छोट्या संस्थांना कामाच्या नमुन्यांसह थेट लिही. काही कामं घरबसल्याही मिळू शकतात. कर्जाचा आणि लंडनचा विचार तेव्हा करू, आणि त्या वेळी शिष्यवृत्तीसाठी दाखवायला तुझ्याकडे काहीतरी असेल.