वाचकांचे प्रश्न : धरणफोड्या वैमानिकाचे गाव कोणते?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतील धरणे फोडणाऱ्या बॉम्बफेकी पथकाचे प्रमुख गाय गिब्सन यांचा जन्म सिमल्याचा आणि दफन हॉलंडमधले, मग इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील पोर्थलेव्हन हे गाव त्यांना आपले का म्हणते? आणि ज्या हल्ल्यात सामान्य माणसे बुडाली, त्याच्या नायकाचे स्मरण करावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पोर्थलेव्हन हे गिब्सन यांचे आजोळ. वडील हिंदुस्थानातील वनखात्यात अधिकारी होते, आई समुद्रकाठच्या या गावातली. १९१८ साली जन्मलेला हा मुलगा सहा वर्षांचा असताना आई मुलांसह मायदेशी परतली. पुढचे आयुष्य निवासी शाळांत आणि हवाई दलाच्या तळांवर गेले, तरी गिब्सन आपले गाव म्हणून पोर्थलेव्हनचेच नाव घेत. तेथील युद्धस्मारकावर त्यांचे नाव आहे आणि एका रस्त्यालाही ते दिलेले आहे.

१९ सप्टेंबर १९४४ च्या रात्री, जर्मनीवरील हल्ल्याचे संचालन करून परतताना, त्यांचे मॉस्किटो विमान हॉलंडमधील स्टेनबर्गनजवळ कोसळले. वय अवघे सव्वीस. सोबतचे नॅव्हिगेटर जिम वॉरविक यांची ओळख त्यांच्या बिल्ल्यावरून पटली. गिब्सन यांची मात्र एका मोज्यावरील धुलाईच्या नावपट्टीवरून. गाव तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होते, तरीही गावकऱ्यांनी दोघांना रीतसर मूठमाती दिली. युद्धात पडलेल्यांना परदेशातच पुरण्याचा ब्रिटिशांचा नियम असल्याने आजोळच्या वाट्याला केवळ नाव आले. आपल्याकडे माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १९४४ सालीच इटलीत धारातीर्थी पडलेल्या, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या या जवानाची कबर कोठेच नाही, इटलीतील कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नाव तेवढे आहे. गावाचा हक्क कबरीवर अवलंबून नसतो, असे मला ठामपणे वाटते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक अवघड आहे. १६ मे १९४३ च्या रात्री एकोणीस लँकॅस्टर विमाने निघाली, त्यांतील आठ परतली नाहीत आणि १३३ जणांपैकी ५३ मेले. म्योने धरणावर पहिला बॉम्ब स्वतः टाकल्यावर गिब्सन पुन्हा पुन्हा धरणावरून उडत राहिले, ते विमानवेधी तोफांचा मारा सहकाऱ्यांवरून आपल्यावर ओढून घेण्यासाठी. हे शौर्य निर्विवाद आहे आणि त्याबद्दलच त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण फुटलेल्या धरणांच्या पाण्यात तेराशेच्या आसपास माणसे गेली. नेहाइम गावाजवळच्या छावणीत सक्तीने कामाला जुंपलेल्या सोव्हिएत स्त्रिया शेकड्यांनी बुडाल्या, आणि त्या तर हिटलरच्याच बंदी होत्या. म्हणून स्मरण अवश्य करावे. मात्र पोर्थलेव्हनच्या मुलांना गिब्सन यांची गोष्ट ज्या दिवशी सांगितली जाईल, त्याच दिवशी नेहाइमचीही सांगितली जावी.