आयडिटारॉड शर्यत संपल्यावर कुत्री घरी कशी परततात?

तुम्ही विचारलंय की अलास्कात अँकरेज ते नोम अशी हजार मैल स्लेज ओढणारी कुत्री परतही धावतच येतात का. नाही, विमानाने येतात. नोमला राज्याच्या रस्त्यांशी जोडणारा रस्ताच नाही आणि शर्यत होते त्या मार्चमध्ये समुद्र गोठलेला, म्हणजे बोटही नाही.

मी अँकरेजला राहतो. एका वर्षी रजा टाकून नोमला कुत्री सांभाळायला गेलो होतो. पुण्यात गल्लीतलं कुत्रं दिसलं की रस्ता बदलणारा माणूस मी! पण ही कुत्री माणसाळलेली. दिसायलाही लांडगे नव्हेत, वीस-पंचवीस किलोची, सडपातळ. पहिल्याच दिवशी एकाने मला बर्फावर आडवं केलं. मग एका आजींनी शिकवलं: गळपट्टा धरून पुढचे पाय वर उचलायचे आणि मागच्या दोन पायांवर चालवत न्यायचं. चारही पाय टेकले की ते ओढायला लागतं. जन्मभर तेच केलंय ना त्याने.

नोमला त्यांना पेंढ्यावर साखळीने बांधतात, पशुवैद्य तपासतात, मग एकेका पिंजऱ्यात घालून मालवाहू विमानात चढवतात.

दमलेली, लंगडणारी कुत्री मात्र वाटेतल्या मुक्कामांवरच मागे ठेवावी लागतात. त्यांना आणायला हौशी स्वयंसेवक वैमानिक असतात. छोटी विमानं, चाकांना बर्फावर उतरायच्या पट्ट्या, आतल्या सीट काढलेल्या. तिथे पिंजरेबिंजरे नाहीत. आखूड साखळीला अडकवलेली कुत्री एकमेकांना टेकून बसतात आणि बहुतेक वेळा झोपून जातात.

लोकांना वाटतं, बिचारी गारठत असतील. उलट आहे. उणे वीसमध्ये आरामात झोपणाऱ्या जिवाला भीती उकाड्याची. 2017 साली शर्यतीतून काढलेला एक कुत्रा विमानातून नेताना दगावला, तेव्हा संशय अति उष्णतेवरच होता. म्हणून केबिन थंड ठेवायची, वैमानिकाने जाड कोट चढवून बसायचं.

गंमत बघा, 1925 साली नोममध्ये घटसर्प पसरला तेव्हा त्या काळची उघडी विमानं अशा थंडीत उडवणं फार धोक्याचं ठरलं. त्यावरचं औषध कुत्र्यांनीच पोचवलं, साडेपाच दिवसांत.

तुमचा दुसरा प्रश्न, वास येतो का? ओल्या कुत्र्यांचा आणि ती खातात त्या मासळीचा, दोन्ही. माझे हातमोजे बायकोने अजून घरात घेतलेले नाहीत.