झोका नेमका कोणत्या प्रकारात बसतो?

प्रिय विद्यार्थिनीस,

दोलनांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत, पण रोजची उदाहरणं मागितली की अडतं, असं तू लिहिलं आहेस. झोका मुक्त, अवमंदित आणि प्रणोदित या तिन्ही प्रकारांत बसतो असं वाटतं. म्हणजे फिजिक्स जमत नाही, तर इंजिनिअरिंगचा नाद सोडावा का, असा तुझा प्रश्न आहे.

झोका खरोखरच तिन्हींत बसतो. प्रकार वस्तूवर ठरत नाही. तिला ऊर्जा कुठून मिळते आणि ती कुठे जाते, यावर ठरतो. एकदा ढकलून सोडला की पहिले दोन-चार हेलकावे जवळजवळ मुक्त. तसाच राहू दिला तर हवा आणि कड्यांचं घर्षण आयाम, म्हणजे हेलकाव्याची लांबी, कमी करत नेतं, ते अवमंदित. कुणी ढकलत राहिलं तर प्रणोदित. आणि झोक्याच्याच लयीत ढकललं तर थोड्या जोरानेही तो उंच जातो, ते अनुस्पंदन. ही शंका तुला आली, याचा मला आनंद आहे. व्याख्या घोकणाऱ्याला ती येत नाही.

हे सगळं एकाच जागी बघायचं तर वॉशिंग मशीन बघ. कपडे पिळताना ड्रम जोरात फिरतो तेव्हा मशीन त्यामानाने शांत असतं. मोटर बंद होऊन वेग उतरू लागला की मध्येच काही सेकंद ते धडधडतं, मग पुन्हा शांत होतं. स्प्रिंगवर टांगलेल्या ड्रमची स्वतःची वारंवारता कमी असते. फिरण्याचा वेग तिच्याशी जुळतो, नेमकं तेव्हाच हे होतं. एका बाजूला गोळा झालेले ओले कपडे हे इथलं प्रणोदन. आयाम आवाक्यात ठेवतात ते डॅम्पर, म्हणजे हादरे शोषून घेणारे भाग. ते झिजले की मशीन जागचं सरकतं.

आता एक प्रयोग कर. दोऱ्याला जड नट बांध, टांगल्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंत लांबी २५ सेंमी ठेव. कोन १० अंशांच्या आत ठेवून २० दोलनांचा वेळ घे (एक दोलन म्हणजे जाऊन पुन्हा मूळ जागी येणं). साधारण २० सेकंद यायला हवेत. लांबी १०० सेंमी केलीस की ४० सेकंद. दोन चुका नेहमी होतात. लांबी नटाच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली जाते, आणि घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हटलं जातं. मग दोलनं १९च होतात आणि या वेळेवरून काढलेली g ची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची, किंमत ९.८ ऐवजी १०.९ च्या आसपास येते.

राहिला करिअरचा प्रश्न. २००० साली लंडनचा मिलेनियम पूल खुला झाला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. पूल आडवा डोलू लागला की तोल सावरताना माणसांची पावलं त्याच्या लयीत पडत, आणि डोलणं आणखी वाढे. डॅम्पर बसवून तो २००२ मध्ये पुन्हा उघडला. असं काम स्थापत्यात आहे. गाड्यांचा हादरा आणि आवाज कमी करण्याचं काम मेकॅनिकल, ऑटोमोबाइलमध्ये आहे. घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्याचं कुतूहल जास्त वाटलं तर इलेक्ट्रॉनिक्स किंवा शुद्ध भौतिकशास्त्र बघ. या सर्व वाटांवर डिफरन्शियल इक्वेशन लागतंच, म्हणून आत्ता कॅल्क्युलसला रोज अर्धा तास दे.

या एका धड्यावरून इंजिनिअरिंग सोडू नकोस. आधी प्रयोग कर आणि दोन्ही लांबींची तीन-तीन वाचनं मला पाठव.