घरात एटीकेटी कुणाला समजावून सांगू?

पत्र : "ताई, मी करमाळा तालुक्यातली. बाबा टेम्पो चालवतात, आई शेतात मजुरीला जाते. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या सेमला एम-वन हा गणिताचा पेपर राहिला, पण घरी 'पास झाले' असंच सांगितलं. शिष्यवृत्तीचा अर्ज पेंडिंग आहे, खिडकीवर विचारलं तर अंगावर खेकसले. वर्गात बाकीच्यांना सगळं आधीपासून माहीत असतं. गावी परत जाऊ का?"

पोरी, बाकीच्यांना आधीपासून माहीत असतं, हे तुझं निरीक्षण अगदी बरोबर आहे. ज्यांचे आईबाप, दादा-ताई कॉलेजात गेलेत, त्यांच्या कानावर टर्मवर्क, सबमिशन, व्हायव्हा हे सगळं घरी जेवतानाच पडलेलं असतं. तुला ते इथे येऊन एकटीने शोधावं लागतंय, वर अभ्यासही करायचा. दमणारच गं तू.

आधी घरचं बघू. या रविवारी बाबांना फोन लाव आणि सरळ सांग, "बाबा, एक विषय राहिलाय, बाकीचे निघाले. वर्ष वाया गेलेलं नाही. तो पेपर पुन्हा देता येतो आणि तोवर पुढचं शिकता येतं, त्याला एटीकेटी म्हणतात." कदाचित ते चिडतील, कदाचित गप्प होतील. आई फोन घेऊन "म्हंजी नापास का?" विचारेल. तिलाही तेच पुन्हा सांग, न चिडता. लपवलेल्या निकालाचं ओझं घेऊन एम-वनची गणितं सुटत नाहीत, हे मी पोटतिडकीने सांगते आहे.

आता अर्ज. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर तो आधी कॉलेजकडे आणि मग विभागाकडे जातो. लॉगिन करून कुठे अडलाय ते बघ, त्या पानाची प्रिंट काढ आणि मैत्रिणीला सोबत घेऊन खिडकीवर जा. हातात कागद असला की "नंतर ये" म्हणणं अवघड जातं. बँक खातं आधारला जोडलंय का, तेही तपास. 2024-25 पासून कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला असेल, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. तू त्यात बसतेस का, हे आधी विचार. राहण्या-जेवणाचा खर्च झेपत नसेल तर विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहात चौकशी कर. 1955 पासून ही संस्था पुण्यात गावाकडच्या मुलामुलींसाठीच काम करते आहे. कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना आहे का, तेही बघ.

गावी जाण्याचा निर्णय एम-वनचा पेपर देईपर्यंत घेऊ नकोस. रात्री झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर लगेच फोन कर. तिथे मराठीतही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

आणि हे वाचणाऱ्या प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती. पहिल्या आठवड्यात एक तास काढा आणि एटीकेटी, टर्मवर्क, परीक्षा फॉर्म, शिष्यवृत्ती हे सगळं फळ्यावर मराठीत समजावून सांगा. "कुणाला माहीत नाही?" असं मात्र विचारू नका. शेवटच्या बाकावरची मुलगी हात वर करणार नाही.