रिपोर्ट नॉर्मल आला तरी पोरगी झोपेना

परवा एका आईने विचारलं, मुलगी सारखी चिडते, वर्गात एका जागी बसत नाही, काही मानसिक प्रॉब्लेम असेल का हो? असं बरेच पालक विचारतात म्हणून एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

सात वर्षांची मुलगी. घरचे म्हणायचे हट्टी झालीय, टीचर म्हणायच्या लक्ष नाही. माझ्यासमोर खुर्चीच्या अगदी कडेवर टेकलेली, चित्र रंगवताना पण दर मिनिटाला जागा बदलत होती. रात्री झोपते कशी विचारलं तर आई म्हणाली, अहो नुसती वळवळते, मधेच उठून रडते, सकाळी विचारलं तर काही आठवत नाही. शीच्या जागी खाज येते का गं, मी मुलीला विचारलं. तिने खाली मान घातली.

जंत नसणार मॅडम, शी तपासलीय, नॉर्मल आहे, पोटही दुखत नाही, आई लगेच म्हणाली.

इथेच फसायला होतं. हे सुतासारखे बारीक पांढरे जंत, यांची मादी रात्री बाहेर येऊन शीच्या जागेभोवती अंडी घालते, त्यामुळे शी तपासून बऱ्याचदा काही सापडतच नाही. सकाळी उठल्या उठल्या, संडास-अंघोळीच्या आधी, त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती मायक्रोस्कोपखाली बघावी लागते, तीही लागोपाठ 3 दिवस. डॉक्टरांकडे पाठवलं, दुसऱ्या दिवशीच्या पट्टीवर अंडी दिसली.

आई रडायलाच लागली, मी इतकी स्वच्छता ठेवते हो! तिला मी परत परत सांगितलं की हे अगदी स्वच्छ घरातही होतं, गोड खाल्ल्याने तर मुळीच होत नाही, मूल खाजवतं, अंडी नखात जातात, बोट तोंडात, आणि चादरीवर ती 2-3 आठवडे टिकतात. म्हणून डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांनाच गोळी दिली आणि 2 आठवड्यांनी परत, कारण गोळीने जंत मरतात, अंडी नाही. नखं कापायची, सकाळी अंघोळ, चड्डी रोज बदलायची आणि चादरी न झटकता गरम पाण्यात धुवायच्या.

प्रत्येक चिडक्या मुलाला जंतच असतात असं नाही, पण झोप मोडत असेल तर आधी हे बघून घ्या, आणि मुलाला एकट्याला बाजूला घेऊन, न रागावता विचारा. या मुलीने महिनाभर कुणाला सांगितलं नव्हतं, घाण म्हणतील म्हणून.

आता ती रात्रभर झोपते. वर्गातलं लक्ष अजून थोडं कमीच आहे, त्यावर आमचं काम चालू आहे.