टाटा रुग्णालयात उपचारांसाठी मुंबईत राहताना रुग्णाच्या जेवणाची सोय कशी करावी?

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भरती असलेल्या रुग्णाच्या जेवणाचा खर्च धरलेला असतो. मात्र केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांमधले दिवस किंवा किरणोपचारांचे रोजचे हेलपाटे यांत रुग्ण भरती नसतो आणि खरी उपासमार तिथेच सुरू होते. म्हणून पहिल्याच भेटीत रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जेवणाची अडचण स्पष्ट सांगावी. यात संकोच मुळीच करू नये.

दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या कर्करुग्णांना आधार देते, तर सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रांत मुलांच्या कुटुंबांना निवाऱ्यासोबत शिधा आणि स्वयंपाकघर मिळते. गावचे रेशनकार्ड आधारशी जोडलेले असल्यास अन्नसुरक्षा कायद्याचे माणशी 5 किलो धान्य मुंबईतल्या दुकानातूनही घेता येते, हे अनेकांना ठाऊकच नसते.

पोट भरणे आणि पोषण होणे यांतला फरक इथे जिवाशी येतो. तोंडाच्या कर्करोगावर किरणोपचार चालू असताना दानात मिळालेली कोरडी पोळी घशाखाली उतरत नाही. अशा रुग्णासाठी मऊ खिचडी, ताक, अंडे किंवा नळीतून देता येईल असा पातळ आहार आहारतज्ज्ञांकडून लिहूनच घ्यावा. वजन झपाट्याने उतरले तर उपचार लांबणीवर टाकावे लागू शकतात.