अंतर्मुख मुलीनं मानसशास्त्र घ्यावं का?

प्रश्न : माझी मुलगी मुक्ता (नाव बदललं आहे) बारावी आर्ट्सला आहे. आम्ही घणसोलीला राहतो. तिला मानसशास्त्रात बी.ए. करायचंय. आम्ही वाशीला साडेचार हजार रुपये भरून तिची बोटांच्या ठशांवरून करतात ती चाचणी करून घेतली. रिपोर्टमध्ये ती अंतर्मुख असल्याचं आलंय आणि लोकांशी संबंध येणारी क्षेत्रं टाळा, असा सल्ला दिलाय. मामानं मोबाइलवर सोळा प्रकारांची टेस्ट द्यायला लावली, त्यातही अंतर्मुखच आलं. मुक्ता मात्र एकच विचारते, ‘‘बाबा, पण हे यांना कळलं कसं?’’ आणि हट्ट सोडत नाही. शिवाय या विषयात रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स असतं म्हणतात. तिचं गणित बेताचंच आहे. काय करावं?
– एक पालक, घणसोली

उत्तर :

नमस्कार,

तुमच्या पत्रात मला सर्वांत मोलाचा वाटला तो मुक्ताचा प्रश्न. ‘हे यांना कळलं कसं?’ व्यक्तिमत्त्व मानसशास्त्राचा निम्मा अभ्यास याच प्रश्नाभोवती फिरतो. म्हणून आधी तिला उत्तर देते, मग तुम्हाला.

बोटांवरच्या रेषा बाळ आईच्या पोटात असतानाच, साधारण पाचव्या महिन्यापर्यंत तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात. त्यावरून स्वभाव, बुद्धीचे प्रकार किंवा करिअर सांगता येतं याला शास्त्रीय आधार नाही. मानसोपचारतज्ज्ञांच्या इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनंही तसं जाहीर केलेलं आहे. स्वभाव मात्र वयाबरोबर सरकत असतो. विशी ते चाळिशीच्या काळात माणसं सरासरीनं अधिक जबाबदार आणि भावनिकदृष्ट्या अधिक स्थिर होत जातात, हे वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासांतून दिसलं आहे. बारावीतल्या मुलीनं कोणती क्षेत्रं कायमची टाळावीत, हे कुणी ठशांवरून ठरवत असेल तर त्याचं ऐकू नका. पैसे गेले याचं मला वाईट वाटतं, पण पैसे भरलेत म्हणून रिपोर्ट पाळायला हवा असं काही नाही.

‘‘पण मॅडम, त्यातलं बरंचसं जुळतं!’’ असं पालक हमखास म्हणतात. जुळतंच. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि आठवड्यानं प्रत्येकाच्या हातात त्याचं ‘स्वतंत्र’ स्वभाववर्णन ठेवलं. ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. ‘बाहेरून तुम्ही खंबीर दिसता, पण आतून कधी कधी काळजी वाटते’ या धाटणीचं वाक्य कुणाला लागू पडणार नाही?

मुक्ताला हे घरच्या घरी तपासता येईल. ज्यांनी हीच चाचणी केली आहे अशा चार-पाच मैत्रिणींचे रिपोर्ट गोळा करायचे. नावं, फोटो, बारकोड सगळं झाकायचं, फक्त स्वभावाचे परिच्छेद ठेवायचे आणि प्रत्येकीला त्यातून आपला रिपोर्ट ओळखायला सांगायचं. रिपोर्टमध्ये खरंच काही असेल तर बहुतेकींना आपला सापडेल. नुसत्या अंदाजानं पाचातली एखादीच बरोबर येते. निकाल काहीही लागो, तिनं वहीत नोंद करायची. संशोधनाची सुरुवात इतकी साधी असते. एक अपेक्षा मांडायची, ती चुकीची ठरू शकेल अशी परिस्थिती तयार करायची आणि जे दिसेल ते लिहून ठेवायचं.

आता ‘अंतर्मुख’ या शिक्क्याबद्दल. मामांनी दिलेल्या टेस्टसारख्या चाचण्यांचं मूळ स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ च्या मांडणीत आहे. कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी त्यावरून प्रश्नावली बनवली. अडचण अशी की ती प्रत्येक बाबतीत माणसांचे सरळ दोन गट पाडते, उदाहरणार्थ अंतर्मुख किंवा बहिर्मुख. प्रत्यक्षात बहुतेक लोक मधे कुठेतरी असतात. शंभर गुणांत मधली रेघ ५० वर मारली, तर ४९ वाली इकडे जाते आणि ५१ वाली तिकडे. दोघींत फरक नसल्यातच जमा. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचा प्रकार बदललेला निघतो.

म्हणून संशोधक प्रकारांपेक्षा गुणविशेषांचा विचार करतात, म्हणजे प्रत्येक गुण कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांत असतो असं धरतात. हे गुण शोधले कसे, ती हकिगत मुक्ताला आवडेल. माणसामाणसांतला जो फरक लोकांना महत्त्वाचा वाटतो, त्याला भाषेत शब्द सापडतोच, असं गृहीत धरून १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोश चाळला. माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ १८,००० शब्द निघाले. त्यांतले साधारण ४,५०० टिकाऊ स्वभावाबद्दलचे होते. आपल्याकडेही भिडस्त, हेकट, धांदरट, सोशिक, आतल्या गाठीचा, मुखदुर्बळ अशी यादी करायला बसलं तर वही भरेल. मग रेमंड कॅटेल आणि पुढच्या अनेकांनी कोणते गुण एकत्र नांदतात याचं गणित मांडलं. कॅटेलनी सोळा घटक धरले, पुढे अनेकांचं एकमत पाचांवर झालं : अनुभवांसाठी खुलेपणा, कर्तव्यनिष्ठा, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता. पदवीला गेली की हे पाच तिला पदोपदी भेटतील.

पण याच पाचांवर विसंबून राहिली तर तिचे प्राध्यापक तिला वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाचं नाव सांगतील. १९६८ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की चाचणीतला गुण आणि एखाद्या प्रसंगातलं प्रत्यक्ष वागणं यांतला सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीनं बदलतात याचं माप (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण), जेमतेम ०.३० च्या आसपास असतो. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम पथकाच्या पुढे असते, हे आपण दरवर्षी पाहतो. मग ती अंतर्मुख की बहिर्मुख? या वादाला १९७९ मध्ये सेमूर एपस्टाइन यांनी सुंदर उत्तर दिलं. एका प्रसंगावरून अंदाज बांधू नका, अनेक दिवसांच्या वागण्याची सरासरी काढा, मग स्वभावाचं सातत्य दिसायला लागतं. तुम्हीही मुक्ताला फक्त घरात, बहुधा पाहुणे आले की, पाहता. तिच्या मैत्रिणींना विचारा, शिक्षकांना विचारा. माणसाचं स्वतःचं म्हणणं, जवळच्यांचं म्हणणं, आयुष्यातल्या नोंदी आणि प्रत्यक्ष निरीक्षण असा चारही बाजूंनी पुरावा गोळा करणं ही या विषयाची शिस्तच आहे.

चांगली प्रश्नावली बनवायलाही कष्ट लागतात. ‘मला अनोळखी लोकांशी बोलायला आवडतं’ या वाक्यापुढे एक ते पाच आकडे दिलेले असतात. थोड्या अंतरावर ‘समारंभात मी शक्यतो कोपरा धरते’ असं उलटं वाक्य मुद्दाम पेरलेलं असतं, कारण काही जण सगळ्यालाच ‘हो’ म्हणत सुटतात. या दुसऱ्या वाक्याचे गुण उलटे मोजायचे. नंतर दोन गोष्टी तपासायच्या. पुन्हा घेतली तर निकाल साधारण तोच येतो का, ही विश्वसनीयता. जे मोजतो म्हणते तेच ती मोजते का, ही सप्रमाणता. ठशांची चाचणी दहा वर्षांनी केली तरी ठसे तेच येणार, म्हणजे विश्वसनीयता भरपूर. सप्रमाणतेच्या नावानं मात्र शून्य. या दोन कसोट्या एकदा अंगवळणी पडल्या की तिला असला कुठलाही रिपोर्ट सहज फसवू शकणार नाही.

संशोधनाच्या पद्धतींत व्यक्ती-अभ्यास (एकाच माणसाचा सखोल अभ्यास) आहे, सहसंबंध आहे, प्रयोग आहे. एखाद्याला प्रयोगापुरतं कर्तव्यनिष्ठ करून पाहता येत नाही, त्यामुळे या विषयात सहसंबंधावर बराच भर असतो आणि तिथेच घसरायला होतं. मार्शमॅलोचं उदाहरण पालकसभांत तुम्हीही ऐकलं असेल : थांबलात तर नंतर दोन मिळतील असं सांगितल्यावर ज्या मुलांनी समोरची ही मऊ, गोड गोळी खायला थोडा धीर धरला, ती पुढे अभ्यासात पुढे गेली. तो प्रयोगही मिशेल यांचाच, पण त्यातली मुलं होती स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीतली. २०१८ मध्ये ९०० हून अधिक आणि वेगवेगळ्या थरांतल्या मुलांवर हे पुन्हा तपासलं, तेव्हा संबंध बराच कमी भरला आणि घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर तर फारच थोडा उरला. ज्या घरात उद्या खाऊ मिळेल याची खात्री नाही, तिथलं मूल आज का थांबेल? हा प्रश्न विचारणारी माणसं या क्षेत्रात हवी आहेत. मराठी मुलांवर तपासून, मराठीत बनवलेल्या चांगल्या चाचण्या आजही कमी आहेत. मुक्ताच्या पिढीला तिथे करण्यासारखं खूप काम आहे.

स्टॅटिस्टिक्सची भीती मला समजते, पण पदवीला लागतं ते सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते), सहसंबंध आणि आलेख वाचणं. दहावीचं गणित रडतखडत पार केलेल्या मुलीही हे शिकतात, कारण इथे आकड्यामागे माणूस असतो. रोज थोडा सराव मात्र हवाच. पुढे एम.ए. आणि संशोधनाला जायचं तर ते टाळता येत नाही, हे तिला आताच स्पष्ट सांगा.

आणि अंतर्मुख असणं या कामात मुळीच आड येत नाही. समुपदेशन एका खोलीत, एका माणसाशी, बहुतांशी ऐकून होतं. चाचण्या तयार करणं, डेटाचं विश्लेषण, बाजार संशोधन यांत तर एकाग्रतेनं बसणारी माणसंच लागतात. शाळांतलं समुपदेशन आणि कंपन्यांचे एचआर विभाग हे रस्तेही आहेत.

वाट लांब आहे, तेवढी तयारी ठेवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणानंतर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. या अभ्यासक्रमांचे नियम अलीकडे बदलत आहेत, तेव्हा ओळखीच्यांवर न विसंबता कौन्सिलच्या वेबसाइटवरच बघा. औषधं लिहून देणारे सायकिअ‍ॅट्रिस्ट वेगळे, ते एमबीबीएस करून त्या शाखेत जातात. नुसत्या बी.ए.वर ‘थेरपिस्ट’ अशी पाटी लावणं धोक्याचं आहे, आणि तसं करा म्हणणाऱ्या झटपट कोर्सवाल्यांपासून तिला दूर ठेवा.

बी.ए.साठी लांब जायची गरज नाही. घणसोलीहून ट्रान्स-हार्बरनं ठाणं जवळ आहे, तिथल्या जोशी-बेडेकर महाविद्यालयाची चौकशी करा, नवी मुंबईतलीही एक-दोन कॉलेजं पाहा. पदव्युत्तरसाठी कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग आहे. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णींनी उभी केलेली ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे, तिच्या खुल्या कार्यक्रमांना मुक्ताला घेऊन जा. हे काम रोजच्या आयुष्यात कसं दिसतं ते तिला तिथे कळेल.

प्रवेशाच्या वेळी तिला सोबत न्या आणि विचारणा तिलाच करू द्या. मानसशास्त्र तिसऱ्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून घेता येतं का, हे आधी विचारायचं. काही कॉलेजांत ते सुरुवातीच्या वर्षांपुरतंच असतं आणि मग मुलांना ऐनवेळी कॉलेज बदलावं लागतं. प्रात्यक्षिकांसाठी लॅब आहे का, चाचण्यांचे संच आहेत का, गेल्या वर्षीच्या मुलांनी कोणते प्रकल्प केले, हेही विचारायचं. प्रकल्पांच्या फायली बघायला मिळाल्या तर अर्धा तास बसून चाळा.